पल्लवावरील रुपेरी रेघ : नागअळीचे जीवनचक्र आणि आपले पत्रसंग्रहण

वर्षा ऋतूत बेलाच्या आणि लिंबाच्या फांद्यांना कोवळी पालवी फुटते, तेव्हा एखादे पान हाती घेऊन ते उजेडासमोर धरावे. पुष्कळदा त्या पानावर एक नागमोडी, चांदीसारखी चमकणारी रेघ दिसते. ती पानाच्या मधल्या शिरेजवळ दोऱ्याएवढी बारीक सुरू होते, वळणे घेत रुंदावत जाते आणि पानाच्या कडेशी येऊन थांबते. तेथे पानाची कड किंचित मुडपलेली असते. रेघेच्या मधोमध एक काळपट बारीक ओळही दिसते. बहुतेकांना हा एखादा डाग किंवा पाण्याची खूण वाटते. वस्तुतः तो एका जीवाच्या संपूर्ण बालपणाचा मार्ग आहे.

शेतकरी या किडीला नागअळी किंवा पाने पोखरणारी अळी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ हेन्री टिबट्स स्टेंटन यांनी 1856 साली तिचे प्रथम वर्णन केले, आणि त्यासाठी वापरलेले नमुने कलकत्त्याचे होते. म्हणजे ही कीड आपल्याच भूमीची, आपल्याच वनस्पतींबरोबर वाढलेली आहे. लिंबू, संत्रे, मोसंबी, महाळुंग ही तिची मुख्य आश्रयस्थाने. याच कुळातील बेल आणि कुंती यांवरही ती आढळते. आपल्या शास्त्रातील बिल्व, बीजपूर आणि निंबूक ही तीन द्रव्ये एकाच पतंगाच्या आहारक्षेत्रात येतात, एवढे एकच कारण या लेखाला पुरेसे होते. परंतु हा विषय हाती घेण्याचे खरे कारण वेगळे आहे, आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो. ते यथावकाश येईलच.

पतंगाचे रूप

ज्याच्या अळीने पानावर इतकी ठळक खूण केली, तो पतंग मात्र आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो. त्याची लांबी जेमतेम 2 मिलिमीटर, आणि पंख पसरले असता विस्तार सुमारे 4 मिलिमीटर. पंख रुपेरी पांढरे, त्यांवर तपकिरी पिवळसर रेषा, आणि पुढील पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका. मागील पंख पिसासारख्या लांब केसांच्या झालरीने वेढलेले. दिवसा तो पानांच्या खालच्या बाजूस निश्चल बसून राहतो. संध्याकाळी, रात्री आणि पहाटे त्याचे व्यवहार चालतात. मादी गंधद्रव्य सोडून नराला बोलावते. प्रौढावस्थेतील आयुष्य एक ते दोन आठवड्यांचे. एवढ्या अवधीत एक मादी सुमारे 50 अंडी घालते.

अंडे घालण्याची तिची निवड मात्र विलक्षण काटेकोर असते. जुने, जाड, गर्द हिरवे पान ती सोडून देते. नुकते उलगडत असलेले, मऊ, फिकट हिरवे पान ती हेरते आणि बहुधा त्याच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेजवळ, एकेक अंडे ठेवते. अंडे पारदर्शक असते आणि दवाच्या अतिसूक्ष्म थेंबासारखे दिसते. भिंगाशिवाय ते ओळखणे कठीणच.

त्वचेखालील जीवन

हवामानानुसार दोन ते दहा दिवसांत अंडे फुटते. अळी उघड्यावर येत नाही. अंड्याच्या तळातून ती थेट पानाच्या त्वचेत शिरते, आणि कोषावस्था संपेपर्यंत बाहेर पडत नाही. तिला पाय नाहीत. शरीर चपटे, डोके चपटे, मुखावयव पात्यांसारखे. पानाच्या अगदी बाहेरच्या थरातील पेशी चिरत, त्यांतील रस घेत ती पुढे सरकते. खालचा हरित थर ती सहसा तसाच ठेवते. वरचा पातळ पापुद्रा सुटा होतो, त्याखाली हवा शिरते आणि प्रकाश परावर्तित होऊन ती वाट चांदीसारखी चमकते. मधली काळपट ओळ म्हणजे अळीची विष्ठा. अळी वाढते तशी वाटही रुंदावते. म्हणून ही रेघ वाचता येते : जेथे ती सर्वांत अरुंद, तेथे जन्म, जेथे सर्वांत रुंद, तेथे बालपणाची समाप्ती.

अळीच्या चार अवस्था असतात. पहिल्या तिन्हींत ती खाते. पूर्ण वाढीची अळी सुमारे 3 मिलिमीटर लांब, पिवळसर हिरवी असते. चौथ्या अवस्थेत ती खाणे थांबवून पानाच्या कडेकडे येते आणि रेशीम कातू लागते. त्या धाग्यांच्या ताणाने पानाची कड तिच्यावर दुमडते. त्या घडीत ती कोषात जाते. अळीचा काळ पाच ते वीस दिवस, कोषाचा सहा ते बावीस दिवस. उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा सारा प्रवास सुमारे तेरा दिवसांत आटोपतो. थंडीत तोच पन्नास दिवसांवर लांबतो. पहाटेच्या सुमारास पतंग बाहेर पडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. वर्षभरात अशा अनेक पिढ्या होतात. पालवी जितकी अधिक, तितक्या पिढ्या फोफावतात.

झाडाची हानी तीन प्रकारची होते. पाने वेडीवाकडी होऊन त्यांचे कार्य मंदावते. दुमडलेल्या कडांत पुढे पिठ्या ढेकणासारख्या किडींना आसरा मिळतो. आणि तिसरी हानी सर्वांत गंभीर : पापुद्रा सुटल्यामुळे पानाचे आवरण उघडे पडते व त्या वाटेने खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. कागदी लिंबाला खैऱ्या आधीच लवकर होतो. नागअळी त्याला दार उघडून देते. 1993 साली ही कीड अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि अल्पावधीतच राज्यभर पसरली. पुढे 1995 साली तेथे खैऱ्या आढळला, तेव्हा अळीने पोखरलेल्या पानांमुळे त्याचा प्रसार रोखणे अधिक अवघड झाले. वैद्याच्या भाषेत सांगायचे तर पहिली व्याधी दुसरीचे निदान ठरली. निदानार्थकर रोगाचे याहून स्पष्ट उदाहरण वनस्पतींत शोधूनही सापडणार नाही.

ग्रंथ आणि पतंग एकाच पानावर

आता आपल्या विषयाकडे वळू. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधिसंग्रहणाचा विधी सांगितला आहे. फांद्या व पाने कोणत्या काळी घ्यावीत, याविषयी त्यांचा निर्देश वर्षा आणि वसंत या दोन ऋतूंचा आहे, आणि तीही अचिरप्ररूढ, म्हणजे नुकतीच उगवलेली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिविषयक अध्यायात काही आचार्यांचे मत म्हणून निरनिराळ्या अंगांसाठी निरनिराळे ऋतू दिले आहेत. त्यांत पानांसाठी वर्षा ऋतू येतो.

हे वाचून नागअळीच्या वेळापत्रकाकडे पाहावे. आपल्या महाराष्ट्रात लिंबूवर्गीय झाडांना नवी पालवी मुख्यतः आंबिया, मृग आणि हस्त या बहरांच्या सुमारास, म्हणजे माघ-फाल्गुन, ज्येष्ठ-आषाढ आणि पावसाळा सरताना येते. पतंगालाही हेच काळ हवे असतात. ग्रंथकाराने ज्या ऋतूतील, ज्या वयाचे पान औषधार्थ श्रेष्ठ मानले, तेच पान या पतंगाने आपल्या संततीसाठी निवडले आहे. यात गूढ काही नाही. कोवळे पान रसपूर्ण असते, त्याची त्वचा मृदू असते, आणि तेच दोघांना हवे असते. मात्र यामुळे आपल्यापुढे एक पेच उभा राहतो. शास्त्रानुसार योग्य काळी गोळा केलेल्या बिल्वपत्रांतच अळीची खूण असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आणि तेच आचार्य त्याच अध्यायात असेही सांगतात की काल, आतप, अग्नी, जल, वायू आणि जंतू यांनी ज्याचे गंध, वर्ण, रस, स्पर्श व प्रभाव बिघडलेले नाहीत तेच द्रव्य घ्यावे. सुश्रुताचार्यांनीही कृमी व विष यांनी दूषित न झालेलेच औषध ग्राह्य मानले आहे. पूजाविधीतही हाच कटाक्ष दिसतो. शिवाला वाहावयाच्या बेलाच्या पानावर चक्र आणि वज्र नसावे, असा संकेत आहे. यांपैकी चक्र म्हणजे किडीने पाडलेली पांढरी खूण. आमच्या आजीच्या पिढीतील बायका श्रावणी सोमवारी पाने निवडताना उजेडात धरून पाहत. त्या नकळत द्रव्यपरीक्षाच करीत होत्या.

आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या सामान्य सूचनांतही वनस्पतिज द्रव्ये कीटक, बुरशी व प्राण्यांची विष्ठा यांपासून मुक्त असावीत, ही अपेक्षा आहे. नागअळीच्या वाटेत विष्ठा असतेच. म्हणून पोखरलेले पान औषधात घेऊ नये, हा निर्णय ग्रंथ, परंपरा आणि फार्माकोपिया या तिन्हींच्या आधारे निःसंशय देता येतो. येथवर प्रश्न सोपा आहे.

आमची चूक

आता संकोचाचा भाग. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा औषधालयाला ताजी बिल्वपत्रे शेजारच्या तालुक्यातील एक शेतकरी पुरवीत असत. त्यांची लिंबाची बाग होती आणि बांधावर बेलाची पाच-सहा झाडे. शोथाच्या रुग्णांना बिल्वपत्रस्वरस मिरपुडीसह द्यावा, ही चक्रदत्तादी ग्रंथांतील योजना आम्ही नित्य वापरतो. त्यासाठी पाने ताजीच लागतात.

एका आषाढात पाटीभर पाने आली, त्यांतील बऱ्याच पानांवर रुपेरी रेघा होत्या. आम्ही पाटी परत पाठवली आणि निरोप दिला, रेघ असलेले एकही पान चालणार नाही. त्या वेळी आपण शास्त्राचे पालन करीत आहोत, या समाधानात आम्ही होतो. पुढच्या खेपेस पाने आली ती डोळे निवावेत अशी. एकसारखी हिरवी, तुकतुकीत, निर्डाग. आम्ही ती कौतुकाने घेतली आणि दोन रुग्णांना स्वरस सुरू केला.

तिसऱ्या दिवशी पाने धुताना आमच्या सहायकाने नाक मुरडले. म्हणाला, "साहेब, ह्या पानांना बेलाचा वास नाही, कसला तरी दुसराच येतोय." आम्ही शेतकऱ्याला बोलावून घेतले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "डॉक्टरसाहेब, रेघ नको म्हणालात ना? मग लिंबाला फवारा मारला तेव्हा बेलालाही मारला. आता पाहा, एक रेघ नाही."

त्यांचा दोष नव्हता. ज्याने आयुष्यभर माल निर्डाग असेल तरच भाव मिळतो हे अनुभवले आहे, त्याने आमच्या शब्दांचा जो अर्थ घेतला तोच कोणीही घेतला असता. दोष आमचा होता. आम्ही काय नको ते सांगितले. ते कसे टाळावे हे सांगितले नाही आणि कसे टाळू नये हेही सांगितले नाही. दोन्ही रुग्णांना आम्ही सर्व हकिगत कथन केली, स्वरस थांबवला, काही दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांना काही झाले नाही. पण त्यात आमचे कर्तृत्व काही नव्हते. ज्या रुग्णाचे यकृत व वृक्क आधीच श्रांत आहेत, त्याच्या पोटात आम्ही आमच्या हाताने काय घातले, हा विचार पुढे कित्येक रात्री सुटला नाही.

निर्डाग पानाचे मोल

या प्रसंगानंतर आम्ही या किडीचा अभ्यास केला आणि तीन गोष्टी ध्यानात आल्या. औषधनिर्मात्या बंधूंनी त्या विशेषत्वाने विचारात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी. नागअळी पापुद्र्याखाली राहत असल्यामुळे केवळ पानाच्या पृष्ठभागावर राहणारे औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी अंतर्प्रवाही कीटकनाशके तिच्यासाठी वापरली जातात. ही द्रव्ये वनस्पतीच्या रसात मिसळून नव्या पालवीपर्यंत जातात. असे पान कितीही वेळा धुतले तरी त्यातील अंश धुवून निघत नाही, कारण तो पानाच्या आतच असतो. आणि आपण स्वरस काढतो तो नेमका त्याच रसाचा.

दुसरी गोष्ट. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढावे, हे छापलेले असते. लिंबूवर्गासाठी तो कालावधी फळाचा विचार करून ठरवलेला असतो. पान कोणी खाईल, वाटून त्याचा रस पिईल, हे तेथे गृहीत धरलेलेच नाही. बेल तर बहुतेक वेळा त्या यादीतही नसतो. म्हणून "मुदत पाळली आहे" हे उत्तर लिंबाच्या फळासाठी पुरेसे असले, तरी पानासाठी पुरेसे मानता येत नाही.

तिसरी गोष्ट. ज्या कल्पनेत पाकक्रिया होते तेथे अंशतः काही द्रव्ये विघटित होण्याची आशा तरी धरता येते. स्वरसात तीही नाही. पंचपल्लवांत आम्र, जंबू, कपित्थ, बीजपूर आणि बिल्व यांची पाने येतात, आणि शब्दच पल्लव, म्हणजे कोवळी पालवी असा आहे. त्यांतील बीजपूर व बिल्व ही दोन्ही नागअळीची आश्रयस्थाने. म्हणून तैलांच्या गंधकर्मासाठी पंचपल्लव मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्या औषधशाळांनी हा प्रश्न आपला नाही असे मानू नये.

थोडक्यात, रेघ असलेले पान अशुद्ध आहे, पण त्याची अशुद्धी डोळ्यांना दिसते. फवारलेले पान त्याहून अशुद्ध असू शकते, आणि त्याची अशुद्धी दिसत नाही. झाडाच्या काही पानांवर रेघा असणे हे त्या झाडावर अलीकडे विष पडलेले नाही याचे बऱ्यापैकी चांगले लक्षण आहे. लक्षण म्हणजे पुरावा नव्हे, हे वैद्याला सांगणे नको. तरीही ऐन पालवीच्या दिवसांत आलेल्या ढिगात एकही रेघ नसेल, तर आता आम्ही आनंदित होत नाही. आम्ही प्रश्न विचारतो.

कृमिचिकित्सेचे तीन सोपान

मग करावे काय? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींची चिकित्सा तीन सोपानांत सांगितली आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे वर्जन. ती मानवी देहातील कृमींसाठी आहे, हे खरे. परंतु विचारसरणी म्हणून ती बागेलाही लागू पडते, आणि आधुनिक कीटकशास्त्राचा सल्लाही तिच्याशी मिळताजुळता आहे.

निदानवर्जन आम्ही मुद्दाम प्रथम घेतो. पालवी हेच या किडीचे निदान. नत्रयुक्त खत अधिक दिले, पाणी अवेळी दिले, की झाड वारंवार पालवते आणि पतंगाला बारमाही अन्न मिळते. खत बेताचे, पालवी ठरावीक काळी व एकदम यावी अशी व्यवस्था, जोमाने वाढणाऱ्या निरुपयोगी पाणसोटांची काढणी, एवढ्याने किडीच्या पिढ्यांची साखळी तुटू लागते.

अपकर्षण म्हणजे काढून टाकणे. रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर पोखरलेली पाने हाताने खुडून नष्ट करणे शक्य असते व इष्टही. मोठ्या झाडांवर मात्र तसे करू नये. चार-पाच वर्षांवरील झाड ही हानी सहज सोसते, आणि पोखरलेल्या पानाचा उरलेला हिरवा भाग झाडाचे पोषण करीतच असतो. शिवाय त्याच पानांत अळीचे शत्रूही वाढत असतात.

प्रकृतिविघातासाठी आचार्यांनी कटु, तिक्त, कषाय, क्षारीय व उष्ण द्रव्ये सांगितली. आपल्या शेतकऱ्यांच्या हाती असलेला पाच टक्के निंबोळी अर्क हे तिक्त द्रव्याचेच उदाहरण. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन 1968 साली प्रथम वेगळे करण्यात आले. ते कीटकांच्या खाण्यात व कात टाकण्यात बाधा आणते. पालवी फुटू लागताच, अळी पापुद्र्याखाली शिरण्याच्या सुमारास, अर्काची फवारणी करणे उपयुक्त ठरते. एकदा वाट रुंदावली की उशीर झालेला असतो. अर्थात निंबोळी अर्कही औषधार्थ पाने तोडण्यापूर्वी नको. त्याचा तिक्त रस व उग्र गंध बिल्वाच्या स्वरसात उतरतो.

निसर्गाने या किडीवर आपले वैद्य नेमलेले आहेतच. अनेक सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्या पानाच्या पापुद्र्यातून अळीवर अंडी घालतात. त्यांतील एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही माशी विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या एका अंड्यापासून अनेक पिल्ले निपजतात. मूळ थायलंडची ही माशी ऑस्ट्रेलियात नेण्यात आली आणि तेथून 1994 साली मार्जरी हॉय यांच्या प्रयत्नाने फ्लोरिडात सोडण्यात आली; ती तेथे स्थिरावली. हिरवे जाळीदार पंख असलेले क्रायसोपा, कोळी व मुंग्याही अळ्यांचा समाचार घेतात. उग्र कीटकनाशक फवारले की हे मित्रकीटक प्रथम मरतात, कारण ते उघड्यावर असतात. अळी मात्र पापुद्र्याखाली असते. नंतर अळ्या पूर्वीहून अधिक होतात. आमवातात लंघन-दीपन न करता केवळ वेदनाशामक देत राहावे, आणि आम मात्र वाढत जावा, तसाच हा प्रकार.

व्यवहारात काय करावे

औषधार्थ पाने घेताना आम्ही पुढील क्रम ठेवला आहे. तो अंतिम आहे असा दावा नाही.

पानाचे वय पाहावे. पतंग फक्त कोवळ्या पानावर अंडे घालतो. जे पान कोवळेपणातून रेघेविना पार पडून नुकते घट्ट झाले, ते पुढे बहुधा निर्डागच राहते. अशी नवी पण किंचित निबर झालेली पाने तोडली, तर अचिरप्ररूढ या निर्देशाचा आशयही राखला जातो आणि निवडण्याचे काम निम्मे होते. पंचपल्लवांत मात्र कोवळेपण अपरिहार्य असल्याने निवड अधिक कसोशीने करावी.

निवड झाडाखाली करावी, औषधालयात नव्हे. पान उजेडासमोर धरावे, कडा बोटांनी उलगडून पाहाव्यात, आणि चुरगाळून वास घ्यावा. प्रकाशात वाट दिसते, कडेत कोष सापडतो, आणि वासाने फवाऱ्याची शंका येते, जरी प्रत्येक फवाऱ्याला वास असतोच असे नाही. वाकडीतिकडी कुरतडलेली पाने लिंबावरील फुलपाखराच्या अळीने खाल्लेली असतात. त्यांत रुपेरी वाट नसते. तीही बाजूला काढावीत, पण दोन्हींची गल्लत करू नये. बाजूला काढलेली पाने बागेतच राहू द्यावीत, म्हणजे त्यांतील परोपजीवी माश्या बागेतच निघतील.

वाळलेली पाने घ्यावी लागली तर अखंड घ्यावीत. चूर्ण झाल्यावर ही खूण डोळ्यांना दिसत नाही, आणि विक्रेत्यालाही ती दाखवता येत नाही.

भाव ठरवताना निवडण्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा. हा मुद्दा अर्थकारणाचा वाटला तरी तो चिकित्सेचाच आहे. आपण निर्डाग पानांना भाव आणि निवडीला शून्य दिले, तर शेतकऱ्याला सर्वांत स्वस्त मार्ग फवाऱ्याचाच राहतो. पुरवठादाराकडून फवारणीची लेखी नोंद घ्यावी आणि मोठ्या खरेदीत कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. 2000 साली शेड्यूल टी आले, तेव्हापासून कच्च्या मालाची नोंद ठेवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या नोंदवहीत एक रकाना फवारणीचा असावा, एवढीच ही सूचना. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे कामही वैद्य करू शकतो.

आमच्या त्याच शेतकऱ्याकडून आम्ही आजही पाने घेतो. बांधावरील बेलांपैकी लिंबापासून दूर असलेली तीन झाडे त्यांनी वेगळी राखली आहेत. त्यांच्या बुंध्याला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधलेली असते; फवारणारा मजूर नवा असला तरी त्याला ती खूण समजते. त्यांची पत्नी व सून झाडाखाली बसून पाने निवडतात आणि त्या निवडीचा दर आम्ही पानांच्या दराहून वेगळा देतो. पाटीत कधीकधी एखादे रेघ असलेले पान चुकून येते. ते आम्ही बाजूला काढतो, पण आता पाटी परत करीत नाही. मागील आषाढात सहायकाने असेच एक पान आमच्यासमोर धरले. कडेच्या घडीत कोष रिकामा होता, आत एक सूक्ष्म कवच तेवढे उरले होते. पतंग निघून गेला होता. ते पान स्वरसात गेले नाही, हे सांगणे नको. परंतु त्या पानाने आम्हाला एवढे निश्चित सांगितले की गेल्या काही आठवड्यांत त्या झाडाजवळ विषाचा पंप गेलेला नाही. त्या दिवशी स्वरस देताना आमचा हात थरथरला नाही.

वैद्यबंधूंनी या विषयातील आपले अनुभव, विशेषतः कोकण व मराठवाड्यातील निरीक्षणे, अवश्य कळवावीत. इत्यलम्.